खुंटीवरचा शर्ट

एप्रिल संपत आला की आमच्या बिबवेवाडीतल्या एखाद्या तरी गच्चीवर जुनी साडी पसरलेली दिसते आणि तिच्यावर गहू. पूर्वी सगळ्याच गच्च्या भरलेल्या असायच्या. आता लोक पाच किलोची पिशवी आणतात, संपली की दुसरी आणतात. पण शेजारच्या इमारतीतल्या एक आजी कोणाचं ऐकत नाहीत. काल संध्याकाळी मी वाळलेले कपडे काढायला वर गेलो, तर त्या पलीकडच्या गच्चीत गव्हाच्या कडेला बसून दोन्ही हातांनी गव्हाला एरंडेल चोळत होत्या. शेजारी वाळलेला कडुलिंबाचा पाला. तापलेल्या सिमेंटवरून तो सगळा वास माझ्याकडे आला आणि मी कपडे तसेच दोरीवर ठेवून खाली उतरलो.

माझी उभी नोकरी वासाच्याच कामात झाली, त्यामुळे मला वासाचं कौतुक नाही. धाक मात्र आहे.

मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, तेव्हा पुण्यात जो उठेल तो संगणकाच्या क्लासला जात होता. माझा थोरला भाऊही गेला, आणि दोन वर्षांत कर्वे रस्त्यावरच्या एका बंगल्यात गळ्यात ओळखपत्र अडकवून कामाला लागला. मला किड्यांची नोकरी मिळाली. देशाची दारं उघडली असं रोज पेपरात यायचं. उघडली होती खरीच. इथली बिस्किटं, शेवया, बेदाणे परदेशी जायला लागले होते, आणि तिकडच्या लोकांना आमच्या खोक्यात पाकोळ्या, म्हणजे धान्यातले बारीक पतंग, नको होते. म्हणून गोदामांत सापळे लावणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यातल्या एकीत मी सहा महिन्यांच्या बोलीवर लागलो. शेजारचे एक काका जिन्यात भेटले की विचारायचे, "काय, उंदीर काय म्हणतायत?" मी म्हणायचो, "काका, उंदीर नाही, पतंग." "तेच ते," ते म्हणायचे. "दादा कधी जातोय अमेरिकेला?"

काम सोपं होतं. पुठ्ठ्याचा घडीचा त्रिकोणी सापळा, तळाला चिकट थर, आणि मधोमध पेन्सिलीच्या खोडरबराएवढी एक रबरी टोपी. त्या टोपीत पतंगाच्या मादीचा वास भरलेला. आपल्या नाकाला काही म्हणजे काही कळत नाही. पण धान्यातल्या पाकोळीची मादी दिवेलागणीला भिंतीवर बसते, शेपटाकडचं टोक वर उचलते आणि हवेत तो वास सोडते. ती जागची हलत नाही. नराला ती दिसतही नसते. वासाचा धागा लागला की तो वाऱ्याच्या तोंडावर निघतो, नागमोडी उडत. धागा सुटला तर डावी-उजवीकडे हेलपाटे घालून पुन्हा पकडतो. आणि शेवटी पोचतो तो माझ्या पुठ्ठ्यावर. दर आठवड्याला मी गोदामांतून फिरायचो, चिकटलेले पतंग मोजायचो, जुनी टोपी काढून नवी लावायचो. सापळ्यानं कीड संपत नाही, ती किती आहे आणि कुठे आहे ते कळतं, एवढंच. आणि त्यात सापडतात ते सगळे नर. मादी त्या वासाला कशाला येईल? अंडी घालते मादी, जाळी करतात अळ्या, धान्य नासतं त्यांच्यामुळे. नराकडून धान्याचा एक दाणाही खाल्ला जात नाही. हे सगळं मला परीक्षेतल्या उत्तरासारखं पाठ होतं, म्हणून इथे सांगून ठेवतो.

त्याच वर्षी दादाचं लग्न झालं. वहिनी भंडाऱ्याकडची. आम्हीही बौद्ध, तेही बौद्ध, दोन्हीकडे शिकलेली माणसं, तेव्हा अडायला काही नव्हतं. पण आमच्या आईला पुण्याचा फार अभिमान. ती स्वतः इंदापूरकडच्या एका खेड्यातली, लग्न होऊन इथे आली, आणि वडील पोस्टातून निवृत्त झाले, मग वारले, तरी 'आम्ही पुण्याचे' हे तिच्या बोलण्यात दिवसातून चार वेळा यायचं. वहिनी बोलायला लागली की आई मान किंचित तिरकी करून ऐकायची. "काहून म्हणजे काय गं? का म्हण की." वहिनी हसून म्हणायची, "बरं, का." आणि पुढच्या वाक्यात पुन्हा काहून.

वहिनीचे वडील शेतकरी. त्यांच्या बांधीतला, म्हणजे भातखाचरातला, चिन्नोर तांदूळ त्यांनी लेकीसोबत पाठवला होता, मोठं पोतं भरून. त्यांच्याकडे बांबूची विणलेली, शेणमातीनं लिंपलेली, माणसाच्या उंचीची कोठी असते, तिला ते ढोली म्हणतात. ढोलीतला तांदूळ दोन-दोन वर्षं राहतो, असं वहिनी सांगायची. बाबा ढोलीत कोपरापर्यंत हात घालतात आणि नुसत्या हातावरून सांगतात, आत ऊब धरली का, कीड लागली का. गावातले लोक आपलं धान्य बघायला त्यांना बोलावतात. हा तांदूळ शिजला की जिन्यापर्यंत घमघमाट. मी त्या उन्हाळ्यात भात दुप्पट खायचो. वहिनीनं मला एकदाही अर्धपोटी उठू दिलं नाही. "जेवल्याशिवाय जायचं नाही हं भाऊजी," हे तिचं पालुपद. मला उशीर झालेला असो, बस चुको, ती उंबऱ्यात ताट घेऊन उभी.

लग्नात तिच्या वडिलांनी मला शर्टाचं कापड दिलं होतं, फिकट निळं. मी ते लगेच शिवून घेतलं आणि कामावर घालायला लागलो. आमच्या दोन खोल्या. खुंटी स्वयंपाकघराच्या दारामागे. संध्याकाळी आलो की शर्ट खुंटीला आणि मी मोरीत.

मे लागला आणि घरात पाकोळ्या दिसायला लागल्या. अर्धे पंख राखाडी, अर्धे तांबूस. आधी दोन, मग पाच, मग दिवा लावायच्या सुमाराला स्वयंपाकघरात पंधरा-वीस. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पिठाची गिरणी होती, तिथे त्या असायच्याच, पण वर कधी येत नसत. आईनं एक दिवस बघितलं, दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी कंबरेला पदर खोचून वहिनीला म्हणाली, "आमच्या घरात तीस वर्षांत पाकोळी नव्हती हो."

वहिनीनं पोतं सोडलं. सगळा तांदूळ ताटाताटानं निवडला, गच्चीवर पसरला, चाळला, पत्र्याच्या डब्यांत भरला, वर कडुलिंब घातला. पाकोळ्या होत्या तिथेच. पुन्हा निवडला. तिची बोटं सोलली होती. "आई, मी रोज पाहून राहिले ना. जाळी नाही, अळी नाही. तांदूळ साफ आहे."

"मग आभाळातून पडतात का?" आई म्हणाली.

दादा संध्याकाळी उशिरा यायचा, थकलेला. त्याचं डोकं कुठल्या तरी परदेशी बँकेच्या यंत्रात अडकलेलं असायचं. "फेकून द्या ना तो तांदूळ, विकत आणू," असं तो अगदी चांगल्या मनानं म्हणाला. त्या रात्री वहिनीनं भात वाढून घेतला नाही.

आता माझं सांगतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आमचे साहेब मार्केट यार्डातल्या एका गोदामात तपासणीला आले. मी शिडीवर. खाली उतरलो तसे ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्या खांद्याभोवती चार-पाच पाकोळ्या फिरत होत्या, एक खिशावर बसून पंख फडफडवत होती. "काय हो," ते म्हणाले, "वरात घेऊन कुठे निघालात?" मग त्यांनी माझ्या खिशात दोन बोटं घातली आणि तीन जुन्या टोप्या बाहेर काढल्या. काढलेली टोपी गोदामात टाकायची नाही, नाहीतर पतंग तिकडे जातात आणि मोजणी चुकते, हा नियम मी पाळत होतो. बाहेर टाकू म्हणून खिशात ठेवायचो आणि विसरायचो. नव्या टोपीचं पाकीट दातानं फोडायचो आणि बोटं शर्टाला पुसायचो. "हातमोजे दिलेत ते काय लग्नात घालायला? हा वास धुऊन जात नाही. तो शर्ट जाळून टाका, आणि घरी नेऊ नका, नाहीतर आईसाहेब तुम्हालाच बाहेर काढतील."

मी तिथे उभ्या उभ्या सगळं समजलो. खालच्या गिरणीतले नर, जिन्यातून वर येणारी हवा, दारामागची खुंटी. तांदळात जाळी नाही, कारण घरात मादीच नाही. वहिनी पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती.

घरी जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही, आणि शर्टही खुंटीवर तसाच ठेवला. त्याची कारणं मी वर्षानुवर्षं बदलत आलो आहे. नोकरी कच्ची होती. आईनं ती सोडायला लावली असती. पंचशीलातलं पहिलंच शील, जीवहत्या न करण्याचं, ती रोज सकाळी म्हणायची आणि माझ्या कामाचा विषय निघाला की उठून आत जायची. दादा हसला असता. हे सगळं खरं आहे. पण तळाशी आणखी एक गोष्ट होती आणि ती सांगायला मला लाज वाटते. वहिनी येण्याआधी आईच्या जिभेला मी एकटाच होतो. दादा कमावता, मी किडे मोजणारा. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा आई मला काही बोलत नव्हती. मला ते बरं वाटत होतं.

बुद्धपौर्णिमा आली. विहारात न्यायची खीर आमच्याकडे दरवर्षी आई करते. वहिनीनं चिन्नोर तिसऱ्यांदा निवडून, धुऊन, पातेल्यात काढून ठेवला होता. आईनं ते पातेलं उचलून बाजूला ठेवलं आणि दुकानातून आणलेला तांदूळ वैरला. "विहारात किडका तांदूळ न्यायचा नाही," एवढंच म्हणाली, आवाजही चढवला नाही. वहिनी आमच्याबरोबर पांढरी साडी नेसून विहारात आली, वंदनेला बसली, आणि खिरीचा द्रोण हातात धरून तसाच परत घेऊन आली.

त्यानंतर दोन दिवसांनी तिचे वडील आले. तिनं पत्र टाकलं असावं. रात्रभर गाडीत बसून आलेले, धोतर, पांढरी बंडी, हातात पिशवी. आईनं चहा दिला आणि तांदळाचे डबे ओसरीसारख्या आमच्या गॅलरीत आणून ठेवले. "बघा तुम्हीच," म्हणाली. "आम्ही काही बोललो तर वाईट दिसतं."

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा जमिनीवर पसरला. पहिल्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, डोळे मिटून थोडा वेळ तसेच बसले. मग एकेक डबा दुपट्ट्यावर ओतून, बोटांनी पसरून, पुन्हा भरला. "जाळी नाही बाई," ते शेवटी आईला म्हणाले. "ऊब नाही. कीड असती तर हाताला लागली असती."

दिवेलागण झाली होती. पाकोळ्या यायला लागल्या. त्यांनी मान वर करून बघितलं. तांदूळ त्यांच्या समोर डब्यांत उघडा होता, त्याच्यावर एकही नव्हती. सगळ्या दारामागे. ते उठले, खुंटीजवळ गेले, शर्टाचं टोक दोन बोटांत धरलं. आधी म्हणाले, "कापड चांगलं निघालं, बाबू." मग म्हणाले, "पण ह्या तुह्या कपड्यावरच काहून बसून राहिल्या?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई, दादा, कणकेच्या हातानं उभी असलेली वहिनी. घरात प्राणिशास्त्र शिकलेला मी एकटा. मी म्हणालो, "काका, घामाला येतात. निघतात मात्र धान्यातूनच."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. त्या बघण्यात संशय नव्हता, हेच मला सोसवत नाही. "तू शिकला आहेस," ते म्हणाले. "तुला माहीत." आणि त्यांनी तांदूळ पोत्यात भरायला घेतला. सगळा, शेवटच्या डब्यापर्यंत. रिक्षापर्यंत पोतं मी नेतो म्हणालो तर त्यांनी हात लावू दिला नाही. "राहू दे बाबू, कापड खराब होईल."

दुसऱ्या दिवशी मी तो शर्ट गोदामामागच्या कचऱ्याच्या शेकोटीत टाकला. तीन-चार दिवसांत घरातल्या पाकोळ्या गेल्या. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागली, "बघा, तांदूळ गेला आणि पाकोळ्या गेल्या." मी शर्ट जाळला तो स्वतःची चूक निस्तरायला, आणि त्यानं आईचं म्हणणं खरं ठरलं. हे इतकं चोख जमून आलं.

त्याच आठवड्यात मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये गेलो. वहिनीच्या गावच्या किराणा दुकानाचा नंबर आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला होता. काचेच्या खोक्यात दार लावून उभा राहिलो. नंबर लागला. मी वहिनीच्या वडिलांचं नाव सांगितलं, पुण्याहून बोलतो म्हणालो. "थांबा, पोराला पाठवतो बोलवायला," दुकानदार म्हणाला, आणि रिसीव्हर कशावर तरी ठेवला. मला कोंबड्या ऐकू येत होत्या, कोणाची तरी सायकल. मी मनात वाक्य जुळवत होतो. काका, तांदूळ चांगला होता. एवढंच म्हणायचं होतं. पाच-सात मिनिटं गेली असतील. बाहेरचा माणूस काचेवर टकटक करायला लागला आणि मी फोन ठेवून दिला.

पुढे आमच्या कामात नवी पद्धत आली. सापळा लावायचाच नाही. सगळ्या गोदामात मादीचा वास भरून टाकायचा. नराला चोहीकडून वास येतो, तो भिरभिरत राहतो, आणि मादी दोन हातांवर असली तरी त्याला सापडत नाही. प्रशिक्षणात हे ऐकताना मला आमचं घर आठवलं. त्या उन्हाळ्यानंतर घरात दोषाचा वास असाच भरून राहिला होता. भाजी खारट झाली, दूध नासलं, दादाचं अमेरिकेचं हुकलं, सगळं वहिनीकडे जायचं. खरा दोष खुंटीवर होता आणि तो तर जळून गेला होता. वहिनीनं माहेराहून पुन्हा काही आणलं नाही. लोणचंसुद्धा नाही. काहून म्हणणंही तिनं हळूहळू सोडलं.

वर्षं गेली. दादा-वहिनी बंगळूरला गेले, परत आले, वाघोलीत फ्लॅट घेतला. वहिनीचे वडील वारले, तेव्हा मी परगावी होतो, किंवा तसं म्हणालो. आईचं शेवटचं सगळं वहिनीनं केलं, अंथरुणातलंही. आई जायच्या आदल्या महिन्यात तिच्या हातून मऊ भात खाताना म्हणाली, "तुझ्या त्या तांदळाला वास छान होता गं." वहिनी म्हणाली, "हो ना आई." मी शेजारी बसलेलो होतो.

काल रात्री वहिनीचा फोन आला. "भाऊजी, किचनमध्ये पाकोळ्या झाल्यात. रव्यात जाळी आहे. तुमचा तो सापळा आणता का?" गच्चीवरचा तो वास अजून माझ्या डोक्यात होता. म्हटलं, उद्या येतो.

आज सकाळी गेलो. दादा बंद खोलीत फोनवर मीटिंगमध्ये. मी हातमोजे घातले, टोपी लावली, सापळा ओट्याच्या वर, कपाटाच्या कडेला चिकटवला. वहिनी रव्याचा डबा पुसत होती, कुकर चढलेला होता. हातमोजे काढून पिशवीत घातले आणि तिच्याकडे न बघता सांगितलं. सगळं सांगितलं. टोप्या, खिसा, खुंटी, साहेब. "तुमच्या तांदळात काही नव्हतं, वहिनी. मला माहीत होतं."

ती डबा पुसत राहिली. डबा केव्हाच कोरडा झाला होता.

"म्हणजे बाबांचं बरोबर होतं," ती म्हणाली.

"हो."

"त्यांनी ढोली मोडली, भाऊजी. गावी गेल्या गेल्या. तुम्ही शिकलेले, तुम्ही म्हणालात धान्यातूनच निघतात. म्हणाले, माह्या हाताला आता समजून नाही राहिलं. त्यानंतर कोणाचं धान्य बघायलाही गेले नाहीत. चिन्नोर लावणंच सोडलं." इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून ती बोली ऐकत होतो. "आणि त्याच आठवड्यात पुण्याहून दुकानात फोन आला होता म्हणे. बाबा शेतातून अनवाणी धावत आले, तर फोन बंद. त्यांना वाटलं माझंच काही बरंवाईट झालं, तुम्ही लोक सांगायला घाबरता. दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मी सहज फोन केला तेव्हा माझा आवाज ऐकून रडले. कोणाचा होता तो फोन, ते शेवटच्या दुखण्यातही विचारत होते."

मी म्हणालो, "माझा होता. तेच सांगायला केला होता."

कुकरची शिटी झाली. वहिनीनं गॅस बारीक केला, रव्याच्या डब्याला झाकण लावलं, सापळ्याकडे एकदा बघितलं.

"झालं ना तुमचं काम?" ती म्हणाली.

"झालं."

"मग जाताना दार ओढून घ्या."

जिन्यात भाताचा वास येत होता. मी चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं.